सात हजार सहाशे डॉलर म्हणजे सोलापुरात किती?

पत्र : आम्ही सोलापूरच्या ‘जुळे सोलापूर’ भागात राहतो. मी ३१ वर्षांचा, टॉवेल निर्यात करणाऱ्या कंपनीत ईआरपी, म्हणजे कंपनीच्या कारभाराचं सॉफ्टवेअर, सांभाळतो. हातात ५२,००० येतात. पीएफ १,८०० कापला जातो, तेवढाच कंपनी भरते. बायको घरी शिकवण्या घेते, तिचे ९,०००. मुलगी चार वर्षांची, आई-वडील आमच्याजवळच. सिंगापूरच्या एका कंपनीची महिना ७,६०० डॉलरची ऑफर आहे. काका म्हणतात, पाच लाख पगार, डोळे झाकून जा. मामा म्हणतात, जगातलं सगळ्यात महाग शहर, हातात दमडी उरणार नाही. वेबसाइट उघडावी तर प्रत्येकीचा आकडा वेगळा. आमच्या ६१,००० ची बरोबरी तिथे किती डॉलरशी होते? बायको-मुलीला सोबत न्यावं का? घरखर्च असा : फ्लॅटचा हप्ता १४,०००, किराणा-भाजी-दूध ११,०००, शाळा आणि रिक्षा ४,०००, लाइट-गॅस-मोबाइल-पाण्याचे जार ३,५००, पेट्रोल २,५००, आई-वडिलांची औषधं ३,०००, धुणं-भांडी १,२००, कपडे आणि लग्नकार्य ४,०००.

उत्तर : आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. ऑफर लेटरवर लिहिलेले डॉलर सिंगापूरचे आहेत, अमेरिकेचे नाहीत. तुलनेच्या बऱ्याच वेबसाइट उघडल्या उघडल्या अमेरिकन डॉलर दाखवतात आणि तिथेच पहिली चूक होते. खालच्या हिशेबात एका सिंगापूर डॉलरला ६८ रुपये धरले आहेत. तुम्ही त्या दिवशीचा दर घाला.

काकांचा गुणाकार बरोबर आहे. ७,६०० गुणिले ६८ म्हणजे ५,१६,८००. पण ते पैसे सोलापूरच्या नवी पेठेत खर्च करायला मिळणार नाहीत. भाडं, दूध, बालवाडी सगळं तिथल्या भावाने. म्हणून खर्च तिथल्या डॉलरमध्येच मोजायचा आणि महिन्याअखेर जी शिल्लक उरेल तेवढीच रुपयात आणायची. विनिमय दर लागतो तो या शिल्लकीला. एवढं पाळलंत तर जगातल्या कुठल्याही शहराची तुलना सोलापूरशी करता येते.

मामांच्या कानावर आलेली बातमीही खोटी नाही. मर्सर या सल्लागार कंपनीच्या २०२४ च्या यादीत २२६ शहरांमध्ये हाँगकाँग पहिलं, सिंगापूर दुसरं, मग झुरिक, जिनिव्हा, बाझल. मुंबई १३६ वी आणि पुणे २०५ वं. सोलापूर त्या यादीत नाहीच. पण ही यादी करतात ती बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठी : आपला अधिकारी परदेशी धाडला तर त्याला घरभाडं आणि भत्ता किती द्यायचा, हे ठरवायला. न्यूयॉर्कला पाया धरून दोनशेवर वस्तू-सेवांचे भाव तपासतात, आणि ते तपासतात त्या अधिकाऱ्याच्या राहणीमानाने. सरकारी वसाहतीत राहून मेट्रोने कामाला जाणाऱ्या कुटुंबाचा हिशेब त्यात नसतो. शिवाय भाव न बदलता नुसता चलनाचा दर हलला तरी शहर पाच-दहा पायऱ्या वर-खाली होतं.

आता त्या ‘बरोबरीचा पगार’ सांगणाऱ्या वेबसाइट. त्यांच्यामागे बहुतेक वेळा सरासरी भावांचं गुणोत्तर असतं. ही सरासरीच घात करते. मोबाइल, लॅपटॉप, विमानाचं तिकीट यांचा भाव जगभर जवळपास सारखाच. सोलापुरात ते स्वस्त मिळत नाहीत. स्वस्त मिळतं ते माणसाच्या हाताचं काम : कटिंग, शिलाई, धुणं-भांडी, रिक्षा, शिकवणी, प्लंबर. ज्या देशात कारखाने आणि कचेऱ्यांतली उत्पादकता जास्त, तिथे सगळ्यांचेच पगार चढतात आणि केस कापणाराही तेवढाच महाग होतो. बेला बलासा आणि पॉल सॅम्युअल्सन या अर्थतज्ज्ञांनी १९६४ मध्ये हे मांडलं. म्हणून एखादं शहर ‘इतके पट महाग’ असं एका आकड्यात सांगता येत नाही. धुण्या-भांड्याला बाई, मुलीला रिक्षा, महिन्याला शिंपी अशी राहणी असेल तर सिंगापूर तुम्हाला प्रचंड महाग. ती कामं स्वतः करायची तयारी असेल तर बरंच कमी.

तेव्हा यादी तुमच्या घराची करा, आणि रुपयांत नको, मापात करा. महिन्याला ज्वारी किती किलो, तूरडाळ किती, तेल किती लिटर, दूध रोजचं किती, शेंगदाणे किती, पेट्रोल किती लिटर, बाहेर जेवण किती वेळा. तीस ओळी पुरेत. मग तिथल्या किराणा दुकानांच्या ॲपवर एकेका ओळीचा भाव लिहा. यात दोन चुका होतात. पहिली, इथली यादी जशीच्या तशी तिकडे नेणं. ज्वारीचं पीठ तिथे लिटल इंडियात मिळतं, पण रोज दोन्ही वेळा भाकरी हवीच म्हटलं तर परवडणं कठीण. भात-पोळीवर आलात की बिल उतरतं. दुसरी चूक उलटी : जे इथे नाहीच ते विसरणं. तुमच्या यादीत बालवाडीचं पूर्ण दिवसाचं बिल नाही, कारण घरी आजी-आजोबा आहेत. तिथे ते नसतील.

तिघांचा सिंगापूरचा महिना असा बसतो, डॉलरमध्ये. भाडं २,८००. वीज-पाणी-गॅस १८०, एसी जपून वापरला तर. मोबाइल आणि इंटरनेट ७०. किराणा ८००. बाहेरचं खाणं २५०. मेट्रो-बस २००. बालवाडी १,४००. डॉक्टर आणि विमा १५०. कपडे, भांडी, किरकोळ २५०. आयकराची तजवीज ३२०. बेरीज ६,४२०, म्हणजे ७,६०० मधून १,१८० उरतात.

पण सोलापूरची चूल बंद होत नाही. फ्लॅटचा हप्ता १४,००० आणि आई-वडिलांचं जेवण, औषध, लाइट मिळून १४,००० धरा. २८,००० रुपये म्हणजे ४१२ डॉलर. वर्षातून एकदा तिघांनी यायचं तर तिकिटांसाठी महिन्याला १५० बाजूला. उरले ६१८ डॉलर, म्हणजे सुमारे ४२,००० रुपये.

सोलापुरात आज काय उरतं? तुम्ही दिलेल्या खर्चाची बेरीज ४३,२०० होते. ६१,००० मधून १७,८०० उरतात. त्यात पीएफचे दोन्ही मिळून ३,६०० मिळवा, कारण सिंगापूरची पीएफसारखी सीपीएफ योजना वर्क पासवरच्या, म्हणजे कामाच्या परवान्यावर गेलेल्या, परदेशी माणसाला नाही. तिथे निवृत्तीचं जे काही साचेल ते या शिल्लकीतूनच. म्हणजे इकडे २१,४००, तिकडे ४२,०००. जवळपास दुप्पट, पण पाच लाखांच्या आसपासही नाही. तुमच्या थेट प्रश्नाचं उत्तरही यातच आहे : सहकुटुंब गेलात तर तुमच्या आजच्या परिस्थितीची बरोबरी साधारण ७,३०० डॉलरशी होते. ऑफर त्याच्या जेमतेम ३०० वर आहे.

या गणितात दोनच आकडे बाकीच्या सगळ्यांना गिळतात, भाडं आणि बालवाडी. किराण्यात कितीही काटकसर करा, महिन्याला शे-दीडशे डॉलर वाचतील. घर चुकीचं घेतलंत तर एका सहीत हजार जातात. म्हणून घराबद्दल सविस्तर.

एचडीबी म्हणजे तिथल्या सरकारी गृहनिर्माण मंडळाची घरं. बहुतांश सिंगापूरकर त्यातच राहतात, तेव्हा कमीपणा मानायचं कारण नाही. तिथे ‘थ्री रूम’ म्हणजे आपलं थ्री बीएचके नव्हे. हॉलही खोलीत मोजतात, त्यामुळे थ्री रूम म्हणजे दोन बेडरूम आणि हॉल-किचन. तुम्हाला तेवढं पुरतं. शहराच्या मध्यापासून लांब, वुडलँड्स किंवा जुरोंग वेस्ट भागात २,६०० ते ३,००० च्या दरम्यान बघा. तेवढीच जागा काँडोत, म्हणजे खासगी गृहसंकुलात, घेतली तर पोहण्याचा तलाव मिळेल आणि शिल्लक शून्यावर येईल. एचडीबीत परदेशी भाडेकरूंचा कोटा असतो; त्या ब्लॉकचा कोटा भरला असेल तर पूर्ण घर मिळत नाही, म्हणून पैसे देण्याआधी एजंटला तेच विचारा. घरमालकाने मंडळाची परवानगी घेतली आहे का, तेही बघा. ती नसेल तर घर सोडावं लागतं, आणि अडकतं ते तुमचं डिपॉझिट. करारावर एकूण भाड्याच्या ०.४ टक्के स्टॅम्प ड्यूटी भाडेकरू भरतो. २,८०० च्या एका वर्षाच्या करारावर १३४ डॉलर, सही झाल्यापासून १४ दिवसांत. करार दोन वर्षांचा असेल तर ‘डिप्लोमॅटिक क्लॉज’ लिहून घ्या. नोकरी गेली तर बारा महिन्यांनंतर दोन महिन्यांची नोटीस देऊन बाहेर पडता येतं ते या कलमामुळेच. ते नसेल तर उरलेलं भाडं डोक्यावर बसतं.

बालवाडीत अनुदान नागरिकांच्या मुलांना आहे, तुमच्या मुलीला नाही. पूर्ण दिवसाची फी जागेनुसार १,२०० ते २,००० पडते. तुमच्या पत्नी घरी असतील, तेव्हा अर्ध्या दिवसाची घ्या. चारेकशे डॉलर वाचू शकतात आणि मुलीचंही काही बिघडत नाही. पुढचा विचार मात्र आत्ताच करा. मूल ज्या वर्षी सात पूर्ण करतं त्या वर्षी तिथे पहिली सुरू होते, आणि सरकारी शाळेत परदेशी मुलांचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. जागा मिळेलच असं नाही. नाही मिळाली तर खासगी आंतरराष्ट्रीय शाळा, महिना हजाराच्या पुढे. आजची शिल्लक ६१८ आहे, हे लक्षात ठेवून तीन वर्षांनंतरचा पगार डोळ्यांसमोर आणा.

खाण्यात तिथे स्वस्ताई आहे आणि ती लोक वापरत नाहीत. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छताखालच्या खाऊगल्लीत, चार ते सहा डॉलरात पोटभर जेवण होतं. हॉटेलात मात्र मेनूकार्डावर किमतीपुढे दोन अधिक चिन्हं दिसली तर त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि मग ९ टक्के जीएसटी लागतो. २० डॉलरचं जेवण २४ ला पडतं.

गाडीचा विचार सोडून द्या. तिथे गाडी घेण्याआधी दहा वर्षांचं हक्कपत्र लिलावात घ्यावं लागतं आणि २०२५ मध्ये लहान गाडीचंही ते लाख डॉलरच्या घरात होतं. मेट्रो-बसला सात वर्षांखालच्या मुलांना सवलतीचं कार्ड काढलं की तिकीट नाही.

करात फसगत वेगळ्या तऱ्हेने होते. आपल्याकडे टीडीएस कापून पगार हातात येतो. सिंगापुरात सहसा कर कापला जात नाही. ७,६०० च्या ७,६०० खात्यात पडतात, आणि बिल पुढच्या वर्षी येतं. वर्षाला ९१,२०० च्या उत्पन्नावर, पत्नी आणि मुलीची सूट धरून, ३,८०० डॉलरच्या आसपास कर बसेल. एकटे असाल तर साडेचार हजार. पहिल्या वर्षी ‘बरंच उरतंय’ म्हणून गावी पाठवून टाकलंत तर दुसऱ्या वर्षी उसने घ्यावे लागतील. दर महिन्याला तेवढे वेगळे काढा. बिल आल्यावर बारा बिनव्याजी हप्तेही करून मिळतात. नोकरी सोडताना कंपनी कराची पूर्तता होईपर्यंत शेवटचे पैसे रोखून धरते, तेही गृहीत धरा.

आता पासबद्दल, कारण ऑफर मिळणं आणि पास मिळणं वेगळं. एम्प्लॉयमेंट पास हा वरच्या पगाराच्या नोकरीचा वर्क पास. त्यासाठी १ जानेवारी २०२५ पासून नव्या अर्जाला किमान पगार ५,६०० डॉलर आहे, पण तो २३ वर्षांच्या उमेदवारासाठी. वयाबरोबर तो चढत जातो आणि ४५ व्या वर्षी १०,७०० होतो. तुमच्या वयाला तो साडेसात हजारांच्या घरात येतो, म्हणजे तुमचे ७,६०० अगदी काठावर आहेत. अर्ज लांबून वय एक वर्ष पुढे सरकलं तर अडचण येईल. शिवाय पदवी, कंपनीतली राष्ट्रीयतांची विविधता अशा मुद्द्यांवर ४० गुण लागतात. मनुष्यबळ मंत्रालयाच्या साइटवर स्वतः तपासायचं साधन फुकट आहे. इथल्या राजीनाम्याला हात लावण्याआधी कंपनीकडून त्याचा निकाल आणि पासचं तत्त्वतः मंजुरीपत्र मागा.

कुटुंबाला डिपेंडंट पासवर नेण्यासाठी ठरलेला पगार ६,००० हवा. ती अट तुम्ही पार करता. पण त्या पासवर तुमच्या पत्नींना नोकरी करता येत नाही; २०२१ पासून त्यासाठी वेगळा वर्क पास लागतो. घरी शिकवणी घेणंही त्यातच आलं. त्यांचे ९,००० रुपये आणि त्यामागचं त्यांचं स्वतःचं काम थांबतं, हे रुपयांच्या रकान्यात पूर्ण मावत नाही. हा निर्णय त्यांना विचारून नव्हे, त्यांच्यासोबत बसून घ्या.

आरोग्य विम्यात एक बारीक फट आहे. खालच्या पासवरच्या कामगारांचा विमा काढणं मालकाला सक्तीचं, एम्प्लॉयमेंट पासवाल्यांचा नाही. कंपनी तुमचा आणि कुटुंबाचा काढते का, किती रकमेचा, हे लेखी घ्या. इकडे आई-वडील तुमच्या सध्याच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत असतील तर नोकरी सुटताच तेही बाहेर पडतील. जाण्याआधी त्यांची स्वतंत्र पॉलिसी घ्या, कारण जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा काळ असू शकतो. तो आजपासूनच मोजायला लागलेला बरा.

दुसऱ्या शहराची ऑफर आली तर रीत हीच, खड्डा फक्त दुसरीकडे असतो. लंडनला व्हिसासोबत आरोग्य अधिभार पूर्ण मुदतीचा आगाऊ भरावा लागतो : मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, मुलाला ७७६, तिघांचे तीन वर्षांचे ८,५३८ पौंड विमानात बसण्याआधी. झुरिकला प्रत्येक माणसाचा आरोग्य विमा तीन महिन्यांत स्वतः घ्यावा लागतो, पगाराच्या स्लिपवर तो दिसत नाही. दुबईत पगारावर आयकर नाही, पण वर्षाचं भाडं मोजक्या चेकांत आगाऊ द्यायची पद्धत आहे.

काही गोष्टींना दोन्ही बाजूंना किंमत लावता येत नाही, तरी त्या लिहून ठेवा. सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, त्यासाठी टाकी, मोटर, जार आणि पाण्याच्या वेळेला घरी थांबणारं माणूस. तिथे नळाचंच पाणी पितात. उलट बाजूला वडिलांना रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर इथे तुम्ही दहा मिनिटांत पोचता. गड्ड्याच्या जत्रेला मुलगी आजोबांच्या खांद्यावर असते.

एकटे गेलात तर आकडे पार बदलतात. खोली १,१००, जेवण ६००, प्रवास १२०, फोन २०, डॉक्टर ८०, किरकोळ २५०, कर ३७५ : एकूण २,५४५. सोलापूरच्या घरखर्चातून तुमचं खाणं-पेट्रोल वजा केलं की ३९,००० लागतील, त्यात शिकवणीचे ९,००० घरातच आहेत, म्हणजे ३०,००० पाठवायचे. तेही आणि तिकिटांची तजवीज जाऊन महिन्याला तीन लाख रुपये उरतात. सहकुटुंब बेचाळीस हजार, एकटे तीन लाख. हा फरक बघून वर्षानुवर्षं एकटं राहायचा मोह होतो, आणि चार वर्षांच्या मुलीच्या बापाला तो सल्ला आम्ही देणार नाही. पण पहिले सहा महिने एकट्याने काढणं शहाणपणाचं आहे.

त्याचं कारण पैशाचंही आहे. सहकुटुंब एकदम गेलात तर पहिला पगार व्हायच्या आत डिपॉझिट २,८००, पहिलं भाडं २,८००, एजंटचे १,४००, स्टॅम्प ड्यूटी १३४, तिकिटं आणि भांडीकुंडी १,५०० : साधारण ८,६३४ डॉलर, म्हणजे पावणेसहा ते सहा लाख रुपये. महिना १७,८०० वाचवणाऱ्या घराने ते कर्ज काढून उभे केले तर त्याचं व्याज पहिलं वर्ष खाऊन टाकेल. एकट्याला खोलीसाठी दोनेक लाखांत भागतं. एचडीबीतली खोली सहा महिन्यांपेक्षा कमी मुदतीने देताच येत नाही, त्यामुळे मुदतही जुळते. त्या सहा महिन्यांत २७,००० डॉलर साठतील, प्रोबेशन संपेल आणि कुठल्या भागात राहायचं हे स्वतः फिरून कळेल. मग घर घ्या आणि दोघींना बोलवा.

निघायची तारीख नीट निवडा. नोकरीसाठी बाहेर जाणारा भारतीय आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहिला तर त्या वर्षी तो अनिवासी ठरतो आणि सिंगापूरच्या पगारावर इथे कर नाही. १ एप्रिलपासून मोजलं तर निघण्याचा दिवस धरून २८ सप्टेंबर ही शेवटची तारीख. दिवाळीला आठ दिवस यायचं असेल तर ते आठ दिवसही त्यात धरा, म्हणजे २० सप्टेंबरच्या आत निघा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गेलात तर त्या वर्षी तिथला पगार इथल्या विवरणपत्रात दाखवावा लागेल. तिथे भरलेल्या कराची वजावट मिळते, पण फरक भरावा लागतो. बँकेचं बचत खातं एनआरओ (अनिवासी माणसाचं इथल्या पैशांचं खातं) करून घ्या, पैसे पाठवायला एनआरई (परदेशातल्या कमाईचं खातं) उघडा, हप्ता त्यातून वळवा. पीपीएफ आधीपासून असेल तर मुदत संपेपर्यंत चालू राहतं, गेल्यावर नवं उघडता येत नाही. नसेल तर आत्ताच उघडा.

आणि सही करण्याआधी कंपनीला एक ईमेल पाठवा. त्यात चारच गोष्टी विचारा : ७,६०० मध्ये ठरलेला पगार किती आणि भत्ते किती, तिघांचा आरोग्य विमा, जाण्याचं तिकीट आणि पहिल्या महिन्याचं राहणं, आणि पगार ८,२०० होईल का. सहाशे डॉलर ही ओढूनताणून केलेली मागणी नाही. तेवढ्याने तुमची सहकुटुंब शिल्लक जवळपास दुप्पट होते, आणि पासच्या वयाच्या अटीवरही पुढची दोन-तीन वर्षं तुम्ही सुरक्षित राहता.